पाठकोरी तबकडी

'पाठकोरा' हा मराठीतला एक फार उपयोगी शब्द आहे. एका बाजूला मजकूर आणि मागची बाजू रिकामी असा कागद म्हणजे पाठकोरा. अशा कागदांची चवड टाचून त्यावर हिशेब, गणिते आणि किराण्याच्या याद्या लिहायची आपल्या घरांची जुनी रीत. दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद तो पाठपोट. मासिकांचे संपादक मात्र लेखकांना वर्षानुवर्षे या काटकसरीच्या उलट सांगत आले: मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा. त्यामागे उधळपट्टी नव्हती. खिळे जुळवणाऱ्याला मध्येच हात थांबवून पान उलटावे लागू नये, आणि पाने दोघातिघांत वाटून देता यावीत, एवढाच हेतू होता. कागदाची दुसरी बाजू लिहून घ्यायला केव्हाही तयार असते. ती उलटायची कोणी, इथे घोडे अडते.

या लेखाचा प्रश्न कागदाचा नाही, प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या तबकडीचा आहे. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या कुळातली तबकडी पाठपोट लिहिता येते का? बहुतेकांची समजूत अशी की येत नाही: खालून चकचकीत, वरून छापील, असाच तिचा धर्म. मी या तबकड्यांचा इतिहास चाळू लागलो तेव्हा उत्तर वेगळे मिळाले. पाठपोट लिहिता येते, आणि अगदी पहिल्या पिढीपासून येत होते. मग त्यातल्या बहुतेक तबकड्या एकाच बाजूच्या का राहिल्या, हा खरा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मला प्रकाशशास्त्रात थोडे आणि माणसाच्या हातात जास्त सापडले. हे नुसते कुतूहल नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले आपल्या घरांचे आणि संस्थांचे कितीतरी आवाज आणि चित्रे या तबकड्यांवर आहेत. त्यांची स्मृती नेमकी कोणत्या बाजूला असते, हे ठाऊक नसल्याने ती पुसली जाऊ शकते.

हॅनोव्हरची रिकामी पाठ

तबकडीचा जनक एमिल बर्लिनर हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. जन्म १८५१ चा. तरुणपणी तो अमेरिकेत गेला आणि १८८७ मध्ये त्याने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. तोवर आवाज साठवला जाई तो एडिसनच्या पद्धतीने, नळकांड्यावर. नळकांड्याला पाठ नसते. आतली बाजू असते, पण तिथे सुई पोचत नाही. सपाट तबकडीला दुसरी बाजू जन्मतःच मिळाली होती. तरीही पहिली कित्येक वर्षे ती कोणी वापरली नाही.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. हे मुद्रण बोटीने हॅनोव्हरला गेले, तिथल्या कारखान्यात तबकड्या छापल्या गेल्या आणि पुन्हा बोटीने हिंदुस्थानात विकायला आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघेपर्यंत हाच मार्ग होता. त्या पहिल्या तबकड्या पाठकोऱ्या होत्या. मागच्या बाजूला फार तर कंपनीचे चिन्ह उठवलेले असे: पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा एक देवदूत. गाणे एका बाजूला, आणि लिहिणाऱ्याचे चित्र दुसऱ्या बाजूला.

१९०४ मध्ये बर्लिनच्या इंटरनॅशनल टॉकिंग मशीन कंपनीने 'ओडियन' या नावाने दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या तबकड्या बाजारात आणल्या. अमेरिकेत कोलंबियाने १९०८ मध्ये तोच मार्ग धरला. व्हिक्टर कंपनीने मात्र आपल्या प्रतिष्ठेच्या 'रेड सील' मालिकेतल्या तबकड्या १९२३ पर्यंत एकाच बाजूच्या ठेवल्या. तांत्रिक अडचण कसलीच नव्हती, कारण तीच कंपनी आपल्या स्वस्त तबकड्या पाठपोट काढत होती. मोठ्या गायकाच्या मागे काहीच नसावे, हा त्या रिकाम्या पाठीचा मान होता आणि त्या मानाचे वेगळे दाम होते. पाठ कोरी ठेवण्याचा निर्णय यंत्रशाळेबाहेर होऊ शकतो, याचे हे पहिले उदाहरण.

पुढे दोन बाजू ही ऐकण्याची रीतच झाली. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. त्यात ख्याल, ठुमरी, नाट्यपद सारे बसवावे लागले. लांब चीज असेल तर तिचा भाग पहिला एका बाजूस आणि भाग दुसरा मागे. १९४८ मध्ये लाँगप्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, आणि एक बाजू म्हणजे एक राग असा हिशेब बसला. 'त्या रेकॉर्डची दुसरी बाजू ऐका' अशी शिफारस रसिक करत. ऐकणारा उठत होता, तबकडी उलटत होता, सुई ठेवत होता. त्याची त्याला सवय होती, आणि त्या मधल्या अर्ध्या मिनिटात पहिल्या बाजूचा सूर खोलीत रेंगाळे.

आरशाच्या पाठीला आरसा

प्रकाशाने वाचायची तबकडी फिलिप्स आणि एमसीए या कंपन्यांनी घडवली. ती डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात प्रथम विक्रीला आली. पुढे तिला लेसरडिस्क हे नाव रूढ झाले. तिच्यावर चित्रपट असे.

हिचे काम कसे चालते ते समजून घेतले की दोन बाजूंचा प्रश्न सोपा होतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकतीच्या एका अंगावर अतिसूक्ष्म खळग्यांची सर्पिल रांग उठवलेली असते. त्या अंगावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा देतात, म्हणजे तिथे आरसा तयार होतो. लेसरचा किरण चकतीच्या दुसऱ्या, उघड्या अंगाने आत शिरतो, प्लॅस्टिक ओलांडून आरशापर्यंत जातो आणि परत फिरतो. खळगा असेल तिथे परतणारा प्रकाश मंद, नसेल तिथे तेज. या चढउतारातून चित्र आणि आवाज घडतात.

यातली कळ अशी की किरणाला आत यायला एक अंग मोकळे लागते. एकाच चकतीच्या दोन्ही अंगांवर आरसे चढवले तर दोन्हीकडची दारे बंद होतील आणि वाचणार काहीच नाही. कागदासारखी एकच चकती पाठपोट लिहिता येत नाही ती यामुळे. पण दोन चकत्या घेऊन त्यांचे आरसे एकमेकांकडे तोंड करून चिकटवले, तर बाहेरची दोन्ही अंगे मोकळी राहतात आणि दोन्हीकडून वाचता येते. लेसरडिस्क नेमकी अशीच होती: तीस सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या. प्रकाशाच्या तबकडीची पहिलीच व्यापारी पिढी पाठपोट होती.

एका बाजूला प्रकारानुसार अर्धा तास किंवा एक तास मावे. दोन तासांच्या चित्रपटाला निदान एकदा उठणे आले. गाण्याच्या बाबतीत ज्या उठण्याची सवय होती, तेच चित्रपटाच्या बाबतीत जाचू लागले. मग प्रेक्षकाऐवजी यंत्रानेच बाजू बदलावी असे प्लेअर निघाले. त्यात तबकडी जागेवरच राही आणि लेसरचे डोके वळणदार रुळावरून खालून वर जाई. पण वरून पाहिले की त्या बाजूचे सर्पिल उलट्या दिशेने जाते. म्हणून तबकडी आधी थांबवून मग उलट दिशेने फिरवावी लागे. काही सेकंद पडदा रिकामा, आणि मग चित्रपट पुढे सुरू.

दोन चकत्या जोडणारा गोंद हे या पद्धतीचे दुखणे ठरले. काही तबकड्यांत त्या सांध्यातून आरशाचे ॲल्युमिनियम गंजू लागले आणि चित्रावर ठिपक्यांचा पाऊस दिसू लागला. संग्राहकांनी या रोगाला 'लेसर रॉट' असे नाव दिले. दोन बाजू मिळाल्या, त्यांची किंमत मधल्या सांध्याने वसूल केली.

सीडीने दुसरी बाजू का सोडली

१७ ऑगस्ट १९८२ रोजी हॅनोव्हरलगतच्या लांगेनहागेन इथल्या कारखान्यात विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी छापल्या गेल्या. ज्या हॅनोव्हरमधून आठ दशकांपूर्वी गौहर जान यांच्या पाठकोऱ्या तबकड्या निघाल्या, त्याच गावाच्या परिसरात आणि त्याच घराण्यातल्या कारखान्यात पुन्हा एक पाठकोरी तबकडी जन्माला आली. १ ऑक्टोबर रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला प्लेअर आणि सीडी विक्रीला आल्या.

लेसरडिस्कच्या पाठपोट चकत्या बनवण्याचा अनुभव फिलिप्सच्या हाताशी होता. तरी सीडीला एकच बाजू दिली गेली. कारणे पाहिली तर ती सगळी सोयीची आहेत. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. दोन चकत्या चिकटवल्या तर ती २.४ होईल, वजन दुप्पट होईल, आणि खणात सहज सरकणारी, मोटारीतही चालणारी तबकडी हवी होती ती मिळणार नाही. दुसरे म्हणजे गरज उरली नव्हती. लाँगप्लेच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण तासाच्या आसपास संगीत. सीडीच्या एकाच बाजूत ७४ मिनिटे. दोन्ही बाजूंचे गाणे एका बाजूत मावल्यावर दुसरी हवी कशाला? तिसरे कारण छपाईचे. पूर्वी नावगाव लिहायला मध्यावरचा कागदी गोल तेवढा मिळे. आता सबंध पाठ चित्रासाठी मोकळी झाली.

इथे एक गंमत आहे, आणि तीच पुढे महत्त्वाची ठरते. आपण सीडीच्या चकचकीत बाजूला 'डेटाची बाजू' म्हणतो आणि तिला जपतो. पण वर सांगितल्याप्रमाणे किरण त्या बाजूने फक्त आत शिरतो. खळगे आणि आरसा आहेत ते पलीकडे, छापील चित्राच्या लगेच खाली. त्यांच्यावर काही मायक्रॉन जाडीचा लाखेसारखा लेप आणि त्यावर छपाईची शाई, एवढेच पांघरूण. चकचकीत बाजू ही एक खिडकी आहे. ज्या बाजूला आपण कोरी पाठ समजतो तिथेच सगळे लिहिलेले असते. कागदाच्या भाषेत सांगायचे तर सीडी पाठकोरी नाही, पोटकोरी आहे.

भारतात या एका बाजूने वेगळेच रूप घेतले. व्हिडिओ सीडीवर जेमतेम सव्वा तासाचे चित्र मावे, त्यामुळे आपले अडीच-तीन तासांचे चित्रपट दोन किंवा तीन सीडींच्या संचात आले. दुसरी बाजू नाही म्हणून दुसरी तबकडी. आपल्या चित्रपटांना मध्यंतर असल्याने ही बदलाबदल फारशी खुपलीही नाही. पहिली सीडी संपे तो चहाची वेळ होई. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने पुढे व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा दोन तबकड्यांचा संच ही चैनही उरली नाही.

निम्मी जाडी

दुसरी बाजू परत आली ती एका भांडणातून. सीडीच्या आकाराच्या तबकडीवर सबंध चित्रपट बसवायचा होता. १९९५ मध्ये त्यासाठी दोन गट समोरासमोर उभे होते. सोनी आणि फिलिप्स यांचा प्रस्ताव सीडीसारखाच, १.२ मिलिमीटरची एकच चकती, ३.७ जीबी क्षमतेची. तोशिबा, टाइम वॉर्नर आणि त्यांच्या साथीदारांचा प्रस्ताव निम्म्या जाडीच्या, ०.६ मिलिमीटरच्या, दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवण्याचा. दर बाजूला ५ जीबी. म्हणजे एक गट पाठकोरा, दुसरा पाठपोट.

निम्मी जाडी कशासाठी, हे पाहण्यासारखे आहे. खळगे लहान करायचे तर ते वाचणारा प्रकाशाचा ठिपकाही लहान हवा. त्यासाठी कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि किरण अधिक रुंद कोनातून एकवटणारे भिंग लागते. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. पण भिंगाचा कोन रुंद झाला की तबकडी फिरताना जराशी कलली तरी ठिपका फिसकटतो, आणि प्लॅस्टिक जितके जाड तितका जास्त फिसकटतो. म्हणून प्लॅस्टिक पातळ करायचे. मात्र ०.६ मिलिमीटरची एकटी चकती लवचिक असते, वाकते. तिला आधार म्हणून तेवढ्याच जाडीची दुसरी चकती चिकटवली की एकूण जाडी पुन्हा १.२ होते, म्हणजे सीडीच्याच खणात ती जाऊ शकते.

संगणक कंपन्यांनी दोन वेगळे प्रकार स्वीकारायला नकार दिला. आयबीएमच्या पुढाकाराने सप्टेंबर १९९५ मध्ये समेट झाला. जोडचकतीची रचना तोशिबाच्या गटाची घेतली, संकेत लिहिण्याची पद्धत फिलिप्सच्या केस स्काउहामर इमिंक या अभियंत्याची घेतली, आणि दर बाजूची क्षमता ४.७ जीबीवर आली. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला लागली.

या तडजोडीचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो. तेव्हापासून छापलेली प्रत्येक डीव्हीडी अंगाने दुहेरीच आहे. आपल्या कपाटातल्या साध्या डीव्हीडीतही दोन चकत्या पाठीला पाठ लावून असतात. त्यातली एक नुसती आधाराला, कोरी. दुसरी बाजू तिथे आहेच, फक्त तिच्यावर कोणी लिहिले नाही.

उठायचे कोणी?

काहींनी लिहिले. डीव्हीडीच्या मानकात दोन बाजूंची सोय सुरुवातीपासून होती आणि वॉर्नर ब्रदर्सने ती पुष्कळ वापरली. एका बाजूला रुंद पडद्याचा चित्रपट, मागे चौकोनी टीव्हीसाठी कापलेला तोच चित्रपट. काही लांब चित्रपट दोन बाजूंत तोडले गेले. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'गुडफेलाज'ची पहिली डीव्हीडी तशी होती: कथा ऐन रंगात असताना उठून तबकडी उलटा.

प्रेक्षकांना ते आवडले नाही. शिवाय नावाचा घोळ होता. दोन्ही बाजू वाचायच्या म्हणजे कुठेच चित्र छापता येत नाही. उरते ती मधल्या भोकाभोवतीची अरुंद कडी. तिथे बारीक अक्षरांत बाजूचे नाव. आता ग्रामोफोनची सुई वरून वाचत असे, त्यामुळे जे नाव वर दिसे तेच वाजे. लेसर खालून वाचतो. 'ही बाजू' म्हणजे जी दिसते ती की जी वाजते ती? प्रथा अशी पडली की हव्या त्या बाजूचे नाव वर ठेवायचे आणि वाचन खालच्या अंगाचे व्हायचे. म्हणजे नाव एका अंगावर आणि मजकूर विरुद्ध अंगावर. शंभर वर्षांची सवय असलेला हात इथे हमखास अडखळे. त्यात धरायला जागा नाही; कुठेही बोट लावले तरी ते कुठल्यातरी चित्रपटावरच.

यावर उपाय निघाला तो दोन बाजूंऐवजी दोन थरांचा. एकाच बाजूला आत-बाहेर दोन थर, त्यातला पहिला अर्धपारदर्शक. लेसरने आपली नजर किंचित आत वळवली की दुसरा थर दिसतो. चित्रपटाच्या तबकड्यांत बहुधा पहिला थर आतून बाहेर वाचायचा आणि दुसरा बाहेरून आत. नांगराचा बैल शेताच्या टोकाला जाऊन वळतो आणि लगतच्या तासाने परत येतो, तसे. प्रेक्षकाला जाणवला तर क्षणभराचा थबका जाणवतो, उठावे लागत नाही.

आता आकडे पाहा. दोन बाजूंच्या, दर बाजूला एक थर असलेल्या डीव्हीडीत ९.४ जीबी मावतात. एका बाजूच्या दोन थरांत ८.५. थर एकमेकांच्या वाचनात लुडबुड करू नयेत म्हणून खळगे थोडे लांबट ठेवावे लागतात, त्यामुळे ही घट. जागा कमी मिळूनही बाजारात जिंकली ती थरांची तबकडी. हा ०.९ जीबीचा फरक मला या सगळ्या कहाणीचे सार वाटतो. खुर्चीतून न उठण्यासाठी आणि पाठीवर चित्र छापता येण्यासाठी जगाने मोजलेली ही किंमत आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन थर असलेली सुमारे १७ जीबीची डीव्हीडीही निघाली, पण ती बनवणे किचकट आणि बाद होणारा माल जास्त.

एक शेवटचा प्रयत्न २००४ मध्ये अमेरिकेत झाला. बड्या संगीत कंपन्यांनी 'ड्युअलडिस्क' काढली: एका बाजूला सीडी, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. हिशेब साधा होता. डीव्हीडीला ०.६ मिलिमीटर हवे, सीडीला १.२, बेरीज १.८. एवढी जाड तबकडी खणात अडकणार. मग सीडीची बाजू ०.९ वर आणली आणि एकूण जाडी दीड मिलिमीटर केली. मधला मार्ग दोन्हीकडून अडचणीचा ठरला. सीडीच्या मानकात ही जाडी बसेना, म्हणून तिच्यावर सीडीचे अधिकृत चिन्ह लावता आले नाही. काही प्लेअरना ती बाजू वाचता येईना, आणि फटीतून तबकडी ओढून घेणाऱ्या यंत्रांत ती अडकण्याची भीती. काही वर्षांत ती बाजारातून गेली. दुसरी बाजू बनवणे शक्य होते. तिला सामावणारा खण कोणाच्या घरी नव्हता.

जिथे यंत्र उलटते

घरातून हद्दपार झालेली दुसरी बाजू कचेऱ्यांत आणि अभिलेखागारांत टिकून होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सव्वापाच इंची मॅग्नेटो-ऑप्टिकल तबकड्या प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असत आणि दोन्ही बाजूंनी लिहिल्या जात: दर बाजूला सुमारे ३२५ एमबी, मिळून ६५०. पेटी असल्याने बोटांचा प्रश्न नव्हता, आणि नाव पेटीवर लिहिता येई. मोठ्या संस्थांत शेकडो पेट्यांची कपाटे असत आणि त्यातली हवी ती पेटी काढून, हवी ती बाजू वर करून यंत्रात सरकवायला यांत्रिक हात असे. उलटणारा हात माणसाचा नसला की दुसऱ्या बाजूबद्दल कोणाची तक्रार उरत नाही.

ब्लू-रेच्या पिढीत हे अधिकच स्पष्ट झाले. ४०५ नॅनोमीटरचा जांभळट लेसर आणि आणखी रुंद भिंग आल्यावर वरचे पारदर्शक आवरण केवळ ०.१ मिलिमीटरवर आले. बाकीचे १.१ मिलिमीटर नुसता आधार. म्हणजे दुसऱ्या बाजूला तसाच थर द्यायला जागाच जागा. तरी दुकानातली ब्लू-रे एकाच बाजूची राहिली. पण मार्च २०१४ मध्ये सोनी आणि पॅनासोनिक यांनी दीर्घकालीन जतनासाठी 'आर्काइव्हल डिस्क' जाहीर केली, ती दोन्ही बाजूंची: दर बाजूला तीन थर, एकूण ३०० जीबी. ती कोणाच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. पेटीत बंद राहून यंत्राने हाताळायची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात शेकडो थरांच्या तबकडीचा प्रयोग मांडला, त्यांच्या क्षमतेच्या हिशेबातही दोन्ही बाजू धरलेल्या आहेत.

म्हणजे तंत्राचे उत्तर प्रत्येक वेळी 'होय' असेच आले. सोयीचे उत्तर माणूस समोर असताना 'नको' आणि यंत्र समोर असताना 'चालेल'.

पाठीची निगा

आपल्या पूर्वजांनी पाठ कोरी ठेवण्याचा आणखी एक उपयोग जाणला होता. कडीत ओवलेल्या तीन-चार पत्र्यांचा ताम्रपट पाहिला तर पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी असते. लेख आतल्या बाजूंवर. झीज, घासणे, हवापाणी सारे सोसायचे ते कोऱ्या बाजूने, आणि अक्षर राहायचे आत सुरक्षित. लेसरडिस्क आणि डीव्हीडी यांची रचना नकळत याच जातीची आहे: लेखन मध्यभागी, दोन्हीकडे प्लॅस्टिकचे कवच. सीडी मात्र त्या ताम्रपटाच्या उलट आहे. तिचे लेखन अगदी बाहेरच्या कातडीला टेकलेले.

म्हणूनच आपल्याकडच्या सीडींविषयी मला काळजी वाटते. गेल्या दोन-तीन दशकांत गावोगावच्या वाचनालयांनी व्याख्यानमाला, संगीत मंडळांनी मैफली, घरांनी आजीच्या ओव्या आणि लग्नाच्या चित्रफिती घरच्या घरी सीडीवर उतरवून ठेवल्या. अशा सीडीत खळग्यांऐवजी रंगद्रव्याचा थर असतो. तो ऊन आणि उष्णतेने उतरतो. आणि त्याच्या पाठीवर आपण बॉलपेन दाबून नाव, गाव, तारीख लिहितो, चिकटपट्ट्या लावतो, पुढे त्या ओरबाडून काढतो. चकचकीत बाजूवरचा बारीक ओरखडा पुष्कळदा पुसून-घासून निभावतो, कारण तो खिडकीच्या काचेवरचा आहे. पाठीवरचा ओरखडा थेट आरशाला लागतो. तिथले गाणे गेले ते गेले. लिहायचेच असेल तर मऊ टोकाच्या, सौम्य शाईच्या पेनाने मधल्या पारदर्शक कडीवर लिहावे, तबकडी कडेने धरावी, उभी आणि सावलीत ठेवावी. मुख्य म्हणजे त्यावरचा मजकूर वेळ असताना दुसरीकडे उतरवून घ्यावा.

कारण बाजू शाबूत राहणे पुरेसे नसते. १९८६ मध्ये, इंग्लंडच्या 'डूम्सडे बुक'ला ९०० वर्षे झाली म्हणून, बीबीसीने सबंध ब्रिटनचे लोकचित्र लेसरडिस्कवर नोंदवले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यातही शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रे दिली. त्यातली गावांची तबकडी पाठपोट होती: एका बाजूला दक्षिणेकडचा मुलूख, उलटली की उत्तरेकडचा. पंधरा वर्षांत ती वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की हा सारा ठेवा हरवतो की काय अशी वेळ आली, आणि संशोधकांना त्यासाठी खास प्रकल्प हाती घ्यावे लागले. अकराव्या शतकातले चर्मपत्रावरचे मूळ पुस्तक मात्र आजही उघडून वाचता येते.

आपल्या तबकड्यांचीही ती वेळ जवळ येते आहे. नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा खण सहसा नसतो. मोझर बेअर दिवाळखोरीत निघून २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. सोनीने घरी लिहायच्या ब्लू-रेचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. तबकडीला एक बाजू असावी की दोन, हा वाद करणारे कारखानेच एकेक करून मिटत आहेत. उरल्या आहेत आपल्या कपाटांतल्या तबकड्या, ज्यांच्या पाठीवर कोणाच्या तरी हस्ताक्षरात एक नाव आणि एक तारीख आहे. त्या नावाच्या थेट खाली, केसापेक्षा पातळ पांघरुणाखाली, तो आवाज आहे. वाचणारे यंत्र घरात किंवा शेजारी अजून चालू आहे तोवर तो उतरवून घ्यायला हवा.